डावा डोळा मावशीचा

दादाच्या तोंडून चार महिन्यांत एकच शब्द बाहेर पडला होता, आणि तो होता "ते". भूक लागली तरी "ते", पंखा बंद करायचा असला तरी "ते", बायको कामावरून परत आली तरी "ते". मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली आणि ज्या माणसाच्या बडबडीला अख्खी इमारत कंटाळायची, त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर द्यायला तो बाहेरून विनोद सांगायचा. सुटका झाल्यावर माणसं त्याच्या कामाचं कौतुक करायची, विनोदांचं मात्र कुणी केलं नाही.

आता त्याचा उजवा हात लुळा होता, काठीने चार पावलं चालता येत होतं, आणि तो हसायचा. कुणी काहीही म्हटलं तरी हसायचा. त्याच्या धाकट्या बहिणीला या हसण्याचीच धास्ती वाटायची. दादा समजून हसतोय की नुसताच हसतोय, हे कळायला मार्ग नव्हता. आपण त्याची कोण लागतो हे तरी त्याला ठाऊक आहे का, हा प्रश्न तिने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. वहिनीजवळ तर नाहीच.

या बहिणीला घरात सगळे धाकटीच म्हणायचे, बेचाळिशी गाठली तरी. फक्त दादा म्हणायचा नाही. सातव्या वर्षी तिच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा आला, त्या दिवशी त्याने तिला "ढापणी" म्हणायला सुरुवात केली ती पुढची पस्तीस वर्षं. शाळेत म्हणाला, तिच्या लग्नात भर मांडवात म्हणाला, फोनवर तर "हॅलो"च्या जागी तेच. लहानपणी ती या नावावरून आदळआपट करायची, मोठेपणी नुसतं नाक मुरडायची. आणि गंमत बघा, पोटापाण्याचा धंदाही तिने चष्म्याचाच निवडला. चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. तिथे ती नंबराच्या काचा मशिनवर घासून फ्रेमच्या आकारात आणायची.

ज्या आठवड्यात ही गोष्ट घडली, त्या आठवड्यात दवाखान्यात दादाला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या स्पीचवाल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाई मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं.

"येत्या शुक्रवारी पाहणी आहे. चार महिन्यांत एकही शब्द आपणहून आला नाही, तर त्यांची जागा पुढच्या रुग्णाला द्यावी लागते. रांग मोठी आहे, ताई."

"एक शब्द आला तर?"

"एक आला तर मी भांडून पुढचे सहा महिने मागून घेईन. पण पढवलेला नको. मी 'पाणी' म्हटलं आणि त्यांनी 'पाणी' म्हटलं, ते चालत नाही."

"मग मी करू काय?"

बाईंनी जरा विचार केला. "मोजणं, गाणी, शिव्या, लहानपणची भांडणं, हे सगळं कधीकधी डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं. तिथून अचानक काहीतरी निसटतं. तुम्ही त्यांना शिकवू नका. तुम्ही त्यांच्याशी भांडा."

आता हसऱ्या माणसाशी भांडायचं कसं? धाकटीने प्रयत्नांत कसूर केली नाही. दादाची आवडती खुर्ची अडवून बसली, तो हसला. त्याच्या हत्यारांची पेटी उघडून पाने उलटेसुलटे ठेवले, तो हसला. तुझ्या विनोदांना कधीच कुणी हसलं नाही, असं तोंडावर सांगितलं. त्यावर तर तो फारच हसला. मंगळवार असाच गेला. 

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने फ्रेमकाकांजवळ मन मोकळं केलं. फ्रेमकाका म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावर फ्रेममध्ये काचा बसवणारे गृहस्थ. पंचावन्न वर्षांचे, बारीक स्क्रू नुसत्या नखाने फिरवणारे. त्यांचा एकच नाद होता आणि त्याबद्दल त्यांना कणभरही लाज नव्हती. ते दर महिन्याला वर्गणी भरून टीव्हीवर जुने व्हिडिओ गेम खेळायचे.

"तुम्ही दोघं लहानपणी कशावरून भांडायचा?" काकांनी डबा बंद करत विचारलं.

"गेमवरून," धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात थांबला. "काका, आमच्याकडे रिमोट एकच होता. दुसरा आणतानाच मोडका निघाला होता. मग डावीकडची बटणं दादाची, उजवीकडची माझी. तो पळवायचा, मी उडी मारायची. उडी चुकली की माझी वेणी, आणि पळणं चुकलं की त्याचा कान."

"कुठला गेम?"

"पोस्टमन."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. पोस्टमन नावाचा गेम त्यांच्या वर्गणीत नव्हता. नसणारच. कॅसेटवरचं लेबल पहिल्याच महिन्यात निघून गेलं होतं. खाकी टोपीतला बुटका एक पाकीट घेऊन सात किल्ल्यांतून धावत सुटतो, एवढ्यावरून या भावंडांनी त्याचं बारसं केलं होतं. खरं नाव त्यांना कधीच कळलं नाही.

पण काका हाडाचे खेळाडू. त्यांनी फोनवर ती सेवा उघडली आणि चारशे गेमांची चित्रं एकेक करत तिच्यासमोर सरकवली. विमानं, माकडं, रणगाडे, विटा, बेडूक. दोनशेच्या पुढे कुठेतरी धाकटी ओरडली, "हाच! ही टोपी बघा!" काचा घासणारी पोरं दचकून बघायला लागली. चित्राच्या कोपऱ्यात मात्र एक कुलूप होतं.

"हा साध्या वर्गणीत नाही, मोठ्या वर्गणीत आहे," काकांनी अनुभवाचे बोल ऐकवले. "असंच असतं. आपल्याला जे हवं ते वरच्या फळीवर. पण पहिला महिना फुकट देतात. नको असेल तर महिना संपायच्या आत बंद कर, नाहीतर विसरशील आणि ते वर्षभर कापत राहतील. मी दोन वर्षं एक व्यायामाची वर्गणी भरतोय."

एकेकाळी जी कॅसेट आपल्या ड्रॉवरमध्ये पडलेली असायची, ती आता महिन्याच्या भाड्याने आणायची, याचा धाकटीला राग आला. पण राग करायला वेळ कुठे होता? तिने भराभर मोठी वर्गणी घेतली, काकांकडून त्यांचा जादाचा रिमोट उसना घेतला आणि संध्याकाळी घरी माळ्यावर चढली.

तिला हवी होती एक वही. लहानपणीच्या त्या गेमच्या यंत्रात खेळ जमा करून ठेवायची सोय नव्हती. एक किल्ला जिंकला की पडद्यावर बारा चित्रं यायची, त्यांची नावं वहीत उतरवून घ्यायची आणि चित्रं दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने पुन्हा भरायची, की पुढच्या किल्ल्यापासून खेळ सुरू. छत्री, किल्ली, मासा, घंटा, आणि दोन गोल चेहरे. एका चेहऱ्याचा एक डोळा मिटलेला, दुसऱ्याचा दुसरा. त्यांची एक मावशी सुईत दोरा ओवताना अगदी असाच एक डोळा मिटायची, म्हणून त्या चेहऱ्याचं नाव पडलं मावशी. मग उरलेली आपोआप मामी झाली, खऱ्या मामीने कधी कुणाला डोळा मारला नसला तरी.

वही सापडली. गणिताची, चौकटींची, पहिल्या पानावर दादाच्या वाकड्या अक्षरात: "मावशी = डावा डोळा बंद. मामी = उजवा डोळा बंद. ढापणीने हात लावू नये." आणि शेवटच्या पानावर सातव्या किल्ल्याच्या बारा चित्रांची नावं. या किल्ल्याच्या दारापर्यंत ती दोघं पोचली आणि त्याच आठवड्यात यंत्राने मान टाकली. पोस्टमनचं पाकीट तीस वर्षं पोचायचं राहिलं होतं.

गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली आणि दुपारीच दादाकडे गेली. वहिनी पहाटेची पाळी करून नुकतीच आली होती. ती पाव भाजायच्या कारखान्यात होती, आणि चार महिने दोन पाळ्यांच्या मध्ये नवऱ्याला आंघोळ, व्यायाम, गोळ्या. डोळे खोल गेले होते.

"हे कशाला आता?" टीव्हीमागे वायरी चाचपणाऱ्या नणंदेकडे बघत ती म्हणाली. "त्याला झेपेल का?"

"नाही झेपलं तर बंद करू. तू जरा पड, वहिनी."

वहिनी पडली नाही. ती स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली. हात चालू असले की तिला बरं वाटायचं.

सोफ्यावर दादाच्या उजव्या बाजूला बसून धाकटीने रिमोट दोघांच्या मध्ये धरला. त्याचा धडका डावा हात उचलून डावीकडच्या बटणांवर ठेवला. पडद्यावर टोपीवाला बुटका आला आणि ती टुणटुणीत धून वाजायला लागली. दादा हसला. ते नेहमीचंच हसू होतं की निराळं, तिने निरखून पाहिलं, पण काही ठरवता येईना.

"सातवा किल्ला, दादा. वही आणलीय." तिने वही त्याच्या मांडीवर उघडून ठेवली आणि वाचत वाचत चित्रं भरायला लागली. "मावशी. छत्री. मामी, मामी. किल्ली. मासा. मावशी. घंटा. मावशी. मामी. छत्री. मासा."

पडद्यावर लाल फुली आली आणि भोंगा वाजला. चूक.

काहीतरी घाईत राहिलं असेल म्हणून तिने पुन्हा भरलं. बोट ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून. पुन्हा भोंगा.

आता इथे घोडं कुठे पेंड खात होतं, ते सांगायला हवं. धाकटीने वीस वर्षं काचा घासल्या होत्या. कामावरच्या पहिल्याच दिवशी तिने एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली होती, आणि आजोबा दुकानाच्या पायऱ्यांवरून पडता पडता वाचले होते. तेव्हा मालकांनी जो धडा दिला तो तिच्या हाडांत मुरला होता. समोरच्या माणसाचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. बाजू बघणाऱ्याची नसते, ज्याचा डोळा त्याची असते. त्यामुळे आता पडद्यावर तोंड समोर करून बसलेल्या त्या गोल चेहऱ्याचा डावा डोळा म्हणजे तिच्या लेखी पडद्यावरचा उजवा. वही लिहिणाऱ्या पोराला असलं काही शिकवलेलं नव्हतं. त्याचा डावा तो डावा. म्हणजे धाकटी प्रत्येक मावशीच्या जागी मामीला बसवत होती आणि मामीच्या जागी मावशीला, तेही अगदी चोख कामगारासारखी, आणि तिला याचा पत्ताच नव्हता.

"ते," दादा म्हणाला.

"हो रे, थांब."

"ते. ते." त्याने डाव्या हाताने मांडीवरच्या वहीवर थाप मारली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच गेलं होतं. धाकटीला वाटलं, दमला. आपण आजारी माणसाला उगाच भोंग्यासमोर बसवलंय. उद्या शुक्रवार, उद्या बाई चित्रांची पानं दाखवणार, हा "ते" म्हणणार, आणि संपलं. 

"शेवटचं एकदा, दादा. मग बंद." तिने पहिल्या जागेवर चौकट आणली. "मावशी," ती मोठ्याने म्हणाली आणि चेहरा निवडला.

"मा," दादा म्हणाला.

ती थबकली.

"मा... मा..." त्याचा डावा हात हवेत उठला, बोट पडद्याकडे. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावरची शीर फुगली. "मामी!"

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तोंडात जे शब्द आले ते सातव्या वर्षीचेच. "मावशी लिहिलंय! तुझंच अक्षर आहे, बघ!"

"मामी!"

"मावशी! डावा डोळा!"

"मामी!" दादाने तिच्या हातातून रिमोट हिसकावला, एका हाताने तो सांभाळेना तेव्हा गुडघ्यांत दाबून धरला, आणि अंगठ्याने चौकट दुसऱ्या चेहऱ्यावर नेली. मग तिच्याकडे वळून, जगातल्या सगळ्या मोठ्या भावांचा जुना वैताग चेहऱ्यावर आणून, तो ओरडला, "मामी होती ती, ढापणे!"

स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं. वहिनी ओल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, नवरा पडला. दारात येऊन बघते तो नवरा सोफ्यावर ताठ बसलेला, आणि नणंद त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत एकाच वेळी रडतेय आणि हसतेय.

"काय झालं? काय करताय तुम्ही?"

"भांडतोय आम्ही!" धाकटी म्हणाली. "वहिनी, हा मला ढापणी म्हणाला!"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच?"

दादा आता स्वतःच्याच तोंडाला बोटं लावून बसला होता, आतून कोण बोललं ते बघायला हवं अशा आविर्भावात.  तिथेच दारात, भिंतीला पाठ टेकून, वहिनी खाली बसली. चार महिने तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं आत्ता आलं. "भांडा," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "भांडा, भांडा. मी बसलेय इथे."

मावश्या आणि माम्यांची अदलाबदल केली तसा भोंगा गप्प झाला आणि सातव्या किल्ल्याचं दार करकरत उघडलं. दादा पळवायला, धाकटी उडी मारायला. पहिल्याच खंदकात तिची उडी उशिरा पडली आणि पोस्टमन पाण्यात गेला. या नव्या सेवेत एक सोय होती, फ्रेमकाकांनी मोठ्या अभिमानाने दाखवलेली. एक बटण दाबलं की खेळ दहा सेकंद मागे जातो आणि झालेली चूक झालीच नाही असं होतं. धाकटीने गुपचूप ते दाबलं. पोस्टमन पाण्यातून उलटा वर आला.

दादाने डोळे बारीक केले. "र..." तो म्हणाला. "रडी!"

"रडी नाही, सोय आहे ती! वर्गणीत येते!"

"रडी," दादा ठामपणे म्हणाला आणि त्याने हात बटणांवरून काढून घेतला. खेळ सुरुवातीपासून सुरू केल्याशिवाय तो काही परत ठेवायला तयार होईना. लबाडी त्याला तेव्हाही चालत नव्हती. चार महिने ज्या माणसाला सगळे शोधत होते, तो होता तसाच, होता तिथेच बसलेला होता. धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने खेळ सुरुवातीपासून लावला आणि ती पुन्हा खंदकात पडली.

शुक्रवार उजाडला. बाईंच्या खोलीत टेबलावर चित्रांचा गठ्ठा होता. बाईंनी पहिलं चित्र दाखवलं, घड्याळ. "ते," दादा म्हणाला. दुसरं, खुर्ची. "ते." झाड. "ते." कुत्रा. दादा नुसताच हसला. धाकटीने वहिनीचा हात घट्ट धरला. कालचं सगळं सांगून झालं होतं, पण सांगण्याला इथे किंमत नव्हती. बाईंच्या कानांनी ऐकायला हवं होतं. आणि काय भरवसा, काल निसटलं ते काल संपलंही असेल.

बाईंनी नववं चित्र उचललं. काळ्या फ्रेमचा चष्मा. "हे काय आहे?"

दादाने चित्राकडे पाहिलं. मग मान वळवून बहिणीकडे पाहिलं, तिच्या नाकावरच्या जाड भिंगांकडे. त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. ते रोजचं हसू नव्हतं.

"ढापणी," तो म्हणाला.

 बाईंनी पेन उचललं, कागदावरच्या रकान्याकडे पाहिलं आणि घोटाळल्या. "चष्मा असं उत्तर आहे. म्हणजे नियमाने बघायला गेलं तर..."

"बाई, ते चुकलेलं नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज फाटला आणि तिने तो तसाच राहू दिला. "ते माझं नाव आहे."

बाई तिच्या चष्म्याकडे बघत राहिल्या, मग दादाकडे, मग मोठ्याने हसल्या. "आपणहून आलेला शब्द. मी पढवलेला नाही, तुम्ही तर नाहीच. झालं काम. सहा महिने कसे देत नाहीत बघतेच मी." वहिनीने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. धाकटीने मनातल्या मनात त्या मोठ्या वर्गणीला हात जोडले. महिना संपला तरी ती बंद करायची नाही, कापू देत काय कापायचं ते, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

बाई कागदावर वाकून लिहायला लागल्या आणि अध्येच थांबल्या. "हा शब्द कधी लिहिला नाही हो मी. ढापणी. यातला 'न' कुठला? नळाचा की बाणाचा?"

"बाणाचा," दादा म्हणाला.

त्याला कुणी विचारलंही नव्हतं.